बुढी जाऊन राहिली

वऱ्हाडातून परत येऊन मला आता महिना होईल. या महिन्यात ज्याने ज्याने गाठले त्याने एकच विचारले, "पंतोजी, तिकडे गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा असतात म्हणे, खरे का?" शपथेवर सांगतो, मी पाहिलेल्या सगळ्या धावा लोखंडाच्या होत्या. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या मात्र पाहिल्या. एका पाटलाच्या बैलाच्या गळ्यात तर आमच्या कुटुंबाच्या गळ्यात नाही इतकी चांदी होती. हे मी घरी येऊन सांगितले, ती माझी चूक झाली.

अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस यायचा थांबला आणि विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडाच्या तोंडाकडे पाहू लागल्या, ही हकीगत वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना ठाऊकच आहे. ती सांगायला मी लेखणी उचललेली नाही. मला एका बाईविषयी सांगायचे आहे आणि एका क्रियापदाविषयी.

गेली पंचवीस वर्षे मी पुण्यात साहेबलोकांना मराठी शिकवतो. वीस वर्षांपूर्वी माझ्याकडे मिस इझाबेल नावाची एक स्कॉच बाई शिकायला आली. वय चाळिशीच्या पुढचे, अंगाने काटकुळी, आणि हट्टी इतकी की आमचे कुटुंबही हट्टात तिच्यामागे पडावे. धर्माचा उपदेश करायला आलेली ही बाई सगळे शिकली, पण तिला 'ळ' म्हणता येईना. सहा महिने मी तिच्याकडून "कावळा, बावळा, सोवळा" घोकून घेतले आणि सहा महिने ती "कावला, बावला, सोवला" म्हणत राहिली. पालथ्या घड्यावर पाणी. तरी बाई मोठी प्रेमळ. तिच्या बंगल्यावर मी पाणीसुद्धा पीत नसे, घरी येऊन स्नान करत असे, हे तिला ठाऊक होते, आणि तिने कधी वाईट वाटून घेतले नाही. आमच्या कुटुंबाने दिलेले मेतकूट ती पावाला लावून खायची.

नऊ वर्षांपूर्वी ती वऱ्हाडात तेल्हाऱ्याकडच्या पिंपळखेड नावाच्या गावी एकटीच जाऊन बसली. या पौषात पुण्याच्या पाद्रीसाहेबांनी मला बोलावून घेतले. म्हणाले, "पंतोजी, मिस इझाबेलचे वय झाले. विलायतेच्या मंडळाने त्यांना परत बोलावले आहे. टपालाने लिहिले तर त्या उत्तर देत नाहीत. तुम्ही जा, हे पत्र हातात द्या आणि त्यांना घेऊन या. तुमचे त्या ऐकतात."

शेवटचे वाक्य धडधडीत खोटे होते. पण मलाही तिची काळजी वाटत होती. पासष्ट वर्षांची बाई, इकडे आगापिछा नाही, आणि कुठल्या त्या आडगावात. मी होकार दिला. कुटुंबाने फराळ, शिधा आणि मेतकुटाचा डबा बांधून दिला, आणि "तिकडे भांडू नका" एवढे सांगून मला वाटेला लावले.

अकोला

आगगाडी जिथवर नेते तिथवर तिने नेले, पुढे बैलगाडीने हाडे खिळखिळी केली. त्यात सांगण्यासारखे काही नाही, धूळ सगळीकडे सारखीच.

अकोल्यात मोर्णा नदीजवळ एका भटजींच्या घरी उतरलो. या गावात सध्या कापसावाचून दुसरे काही दिसत नाही. गाड्यांच्या रांगा कोटाच्या भिंतीपासून नदीपर्यंत, आणि हवेत सगळीकडे कापसाची तुसे. माझ्या वरणात कापूस, दह्यात कापूस, संध्येच्या पळीत कापूस. भटजी म्हणाले, "अमरावतीले गेले तं याहून जास्त खासान." ब्राह्मणाच्या तोंडून हे 'ले' आणि 'खासान' ऐकून माझ्या अंगावर काटा आला. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, पण इतकी बदलावी?

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी मी म्हणत होती. मी परसात जाऊन भटजींच्या सौभाग्यवतींना विचारले, "काकू, पाणी तापले का?"

"तापून राहिलं," त्या आतून म्हणाल्या.

मी मनात म्हटले, वा! तापले आणि वाट पाहत राहिलेही. घंगाळातून भरलेला तांब्या उचलला आणि 'गंगे च यमुने' म्हणत डोक्यावर घेतला. पौषातले ते पाणी! माझा श्लोक यमुनेपाशीच तुटला आणि पुढे नुसतेच "हा हा हा" निघाले. काकू धावत आल्या आणि पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

"अवो बाप्पा! तापून राहिलं म्हन्लं ना मी! तापलं कुठी म्हन्लं?"

तेव्हा उलगडा झाला. आपण 'तापत आहे' म्हणतो तिथे ही मंडळी 'तापून राहिलं' म्हणतात. काम चालू असेल तेव्हा 'राहिलं'. आमच्या पुण्यात काम व्हायचे असेल तेव्हा 'राहिले' आणि होऊन बसले असेल तेव्हाही 'राहिले'. पंचवीस वर्षे व्याकरण शिकवणाऱ्याला हा धडा थंड पाण्याने मिळाला. मी तो वहीत टिपून ठेवला आणि आता आपल्याला वऱ्हाडी आली अशी समजूत करून घेतली. या समजुतीनेच पुढे घोटाळा केला.

वाटेवर

पिंपळखेडला जायला तुळशीराम नावाच्या गाडीवानाची गाडी मिळाली. तो अमरावतीच्या बाजारात कापूस पोचवून रिकामा परतत होता, आणि गाव त्याचेच. हातात चांदीचे कडे, पायात काही नाही. लढाईची हकीगत त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती.

"तिकडं दोन भाऊ भांडून राहिले म्हनते, महाराज. वाटनीवरून. म्हून आपला कापूस विकून राहिला. देव करो न् त्यायचं भांडन मिटो," असे म्हणून तो जरा थांबला. "पन सावकाश मिटो."

दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि तिच्यावर पांढरी शेते. कपाशीला इकडे पऱ्हाटी म्हणतात. कमरेला लुगड्याची ओटी बांधून बायका वेचणी करत होत्या. ओट्या कापसाने फुगल्या की सगळ्याच बायका गरोदर दिसत. हे मी तुळशीरामला म्हटले तेव्हा तो इतका हसला की बैल थांबले. वाटेत त्याने एका शेतात उतरून ज्वारीची कणसे भाजली आणि मला हुरडा दिला. हुरड्याला सोवळेओवळे नाही हे शास्त्र मी तिथेच ठरवले आणि पोटभर खाल्ला.

मी विचारले, "तुमच्या गावात मडमबाई आहेत ना?"

"बुढी?"

माझा पारा चढला. "कोणाला बुढी म्हणतोस? ती माझी विद्यार्थिनी आहे. वयाने, ज्ञानाने मोठी बाई, तिला असे म्हणतात?"

तुळशीरामने मागे वळून माझ्याकडे पाहिले. रागावला नव्हता, त्याला खरोखरच कळत नव्हते. "मंग काय म्हनू? माह्या घरी बी बुढी हाये. जिनं मले जलम देल्ला ते. आमच्याकडं मायले बुढी म्हनते, महाराज."

मी वही काढून तो शब्द टिपून घेतला. 

पिंपळखेड

गावाच्या तोंडाशी एक मोठा निंब आहे, त्याखाली मातीचा लांब ओटा, त्यामागे दोन खोल्यांचे घर. निंबाच्या फांद्यांना जुन्या लुगड्यांच्या झोळ्या टांगलेल्या. मी मोजल्या, अकरा. प्रत्येक झोळीत एक लेकरू. आणि अकरा झोळ्यांच्या दोऱ्या एकत्र बांधून त्यांचे टोक हातात धरून एक पांढऱ्या केसांची, उन्हाने रापलेली म्हातारी गात बसली होती. अंगात विलायती झगा, वर वऱ्हाडी शेला, केसांत कापसाची तुसे. गाणे येशूचे होते, पण चाल जात्यावरच्या ओवीची.

आमची चाहूल लागताच तिने मान वर केली, डोळे बारीक केले, आणि मी बोललो तेव्हा ओळखले.

"पंतोजी! अवो बाप्पा! तुमी काहून आले एवढ्या दूर?"

वाचकहो, मी या बाईला 'आपण कशाकरिता आलात' असे शिकवले होते. सहा महिने. माझ्या सहा महिन्यांचे तेथे निंबाखाली श्राद्ध झाले होते.

"आलात म्हणावे," मी म्हणालो. "आणि 'काहून' हा शब्द नाही."

"इथं हाये," ती हसली. "बसा. आन् ऐका, पंतोजी. इथं ळ नाही!"

"म्हणजे?" मी विचारले. तो 'ळ'ही तिने 'ल'सारखाच उच्चारला होता.

"कोनीच म्हनत नाही! कावल्याले कावया म्हनते. डोल्याले डोया. तुमच्या पुन्यात मी ळसाठी रडली. इथं आली आन् पाह्यलं, गावात ळच नाही. मी म्हन्लं, देवानं मले बराबर जागी आनलं."

मी हसलो. काय करणार? वीस वर्षांचा पराभव इतक्या आनंदाने कोणी सांगितला की हसावेच लागते.

बाईंचे काम मी दिवसभर पाहिले. उजाडताच वेचणीला जाणाऱ्या बाया तान्ही लेकरे आणून देतात आणि दिवेलागणीला नेतात. पूर्वी लेकरे बांधावर सावलीत निजवत. त्यात विंचू-काट्याने किती गेली ते बाई सांगत होत्या तेव्हा त्यांचा आवाज बदलला. आता कापसाला सोन्याचे दिवस आल्यापासून घरातल्या झाडून सगळ्या बाया वावरात असतात, आणि वावर म्हणजे शेत. लेकरांकडे बुढी. थोड्या मोठ्या मुली धुळीत अक्षरे गिरवतात. कोणाला ताप आला, कोणी अडली, तर बुढी. उपदेश रोज करतात, लोक रोज ऐकतात, मान डोलवतात, आणि मारुतीला नारळ फोडायला जातात. नऊ वर्षांत एकानेही बाप्तिस्मा घेतला नाही.

संध्याकाळी लेकरे घरी गेल्यावर मी पत्र काढले. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नव्हता. बाईंनी ते हातात घेतले, डोळ्यांशी नेले, दूर धरले, आणि मला परत दिले.

"तुमीच वाचा. माह्या डोयावर पडदा आला. अक्षरं दिसत नाही आता."

हे मला ठाऊक नव्हते. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगितले, कारण माझ्या इंग्रजी उच्चारांना त्या पहिल्यापासून हसतात. पत्र थोडक्यात असे होते. मंडळ आपल्या सेवेबद्दल आभारी आहे. परंतु नऊ वर्षे मशागत करून ज्या झाडाला एकही फळ आले नाही तिथले काम बंद करणे योग्य. यापुढे पिंपळखेडसाठी काही पाठवले जाणार नाही. आपल्या धाकट्या भगिनींनी समुद्रकाठच्या घरात आपल्यासाठी खोली तयार ठेवली आहे. पंतोजींबरोबर यावे.

बाई कितीतरी वेळ रिकाम्या झोळ्यांची दोरी ओढत बसल्या.

"फय नाही म्हनते," त्या शेवटी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "खरं हाये त्यायचं."

"आता विश्रांती घ्या, बाई," मी म्हणालो, आणि मनापासून म्हणालो. "या वयात, असे डोळे घेऊन, इथे कोण बघणार तुमच्याकडे?"

"हुकूम हाये तं जावं लागन. परवा निघू." त्यांनी डोळे पुसले. "पन गावात बोलू नका. वेचनी चालू हाये. बाया काम सोडून बसतीन. मी जाताना सांगन."

मी वचन दिले. मुक्काम मारुतीच्या देवळात केला आणि स्वयंपाकाला लागलो. तुरीची डाळ चुलीवर ठेवली ती तासाभराने जशीच्या तशी, दोन तासांनी जशीच्या तशी. गिरजा नावाची एक बाई, जिचे लेकरू बाईंच्या झोळीत असते, कौतुकाने पाहत उभी होती.

"महाराज, खाऱ्या पान्यात डाय शिजन का?"

या भागातल्या विहिरींचे पाणी खारे आहे हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते. मी गारगोट्यांसारखी डाळ बाजूला ठेवली आणि मेतकूट-भात जेवलो. मेतकुटाने मला परमुलखात आजवर कधी दगा दिलेला नाही.

घोटाळा

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी शेजारच्या वाडीवरून बोलावणे आले, एक सून अडली होती. झोळ्यांची दोरी थोरल्या मुलींच्या हाती देऊन बाई जायला निघाल्या. मी तुळशीरामची गाडी दिली, कारण ती माझ्यासाठीच ठरवलेली होती. बाई त्या सुनेपाशीच मुक्कामाला राहिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी देवळाच्या पायरीवर संध्या आटोपून बसलो होतो. गिरजा लेकरू काखेत घेऊन आली. ओट्यावर कोणी नाही हे पाहून ती माझ्याकडे वळली. पुण्याहून माणूस आल्यापासून गावात कुजबुज होतीच, तिचा चेहरा उतरलेला.

"पंतोजीबुवा, बुढी जाऊन राहिली का?"

आता माझ्या जागी तुम्ही स्वतःला ठेवून पाहा. बाई वाडीवर गेल्या होत्या. तिथेच राहिल्या होत्या. जाऊन राहिल्या होत्या! माझ्या वहीत अकोल्याचा धडा होता, पण वही बंद होती आणि कान पुण्याचे होते.

"हो, जाऊन राहिली," मी म्हणालो.

"खरंच?"

"खरंच म्हणजे? माझ्याच गाडीने."

 लेकरू छातीशी धरून गिरजा वावरांच्या दिशेने पळत सुटली. या बायकांना एवढी कसली घाई असते, असे मी मनात म्हटले आणि जानवे नीट केले.

दोन घटकांत वावरांतून बाया येऊ लागल्या. अर्ध्या भरलेल्या ओट्या तशाच कमरेला. एक, पाच, वीस. वेचणीच्या ऐन भरात, जेव्हा अख्खा मुलूख कापसामागे वेडा झाला आहे, तेव्हा या बाया काम टाकून निंबाखाली येऊन बसल्या. पाठोपाठ पाटील आले, तांबडेलाल.

"चला वावरात! कापूस उडून राहिला!"

"उडू द्या," गिरजा म्हणाली. पाटलाला असे उत्तर मी पुण्यात कधी ऐकले नव्हते. त्यांनीही पिंपळखेडात ऐकले नसावे, कारण ते खाली बसले.

इतक्यात घुंगरे वाजली आणि गाडीतून बाई उतरल्या. सून सुखरूप सुटली होती, मुलगी झाली होती, आणि बाई दमल्या तरी आनंदात होत्या. ओट्यावर एवढी माणसे कुजबुजताना ऐकून त्या थबकल्या.

गिरजा त्यांच्या पुढ्यात उभी राहिली. वऱ्हाडी माणसाला विनवणी येत नाही, तो जिवाभावाचे बोलणेही भांडल्यासारखे बोलतो.

"काहून जाऊन राहिली वो, बुढे? नऊ वरसं आमच्या लेकरायले झोका देल्ला, आन् आता न सांगता चाल्ली?"

बाईंनी माझ्या दिशेने मान वळवली. "पंतोजी, तुमी सांगतलं?"

"मी?" माझ्या तोंडचे पाणी पळाले. "मी एक अक्षर बोललो नाही! हिने विचारले बुढी जाऊन राहिली का, मी म्हटले..." आणि तिथेच माझ्या डोक्यावर अकोल्याचा तो थंड तांब्या दुसऱ्यांदा ओतला गेला. "अहो, मला वाटले, वाडीवर जाऊन तिथे राहिली का, असे विचारते आहे!"

तुळशीराम आधी हसला. मग पाटील. मग बायाही हसू लागल्या, सुटकेचे हसू. गिरजाने पदराने डोळे पुसले. "म्हंजे जाऊन नाही राहिली ना, बुढी?"

आता बाईंनी नुसते 'नाही' म्हटले असते तर त्या वेळेपुरते सगळे मिटले असते. माझी चूक माझ्या डोक्यावर राहिली असती आणि मी ती आनंदाने वाहिली असती. पण बाई खोटे बोलत नाहीत.

"जाऊन राहिली," त्या म्हणाल्या.

हसू थांबले. बाईंनी पत्राची सगळी हकीगत सांगितली. मंडळ म्हणते नऊ वर्षांत फळ नाही. एकानेही बाप्तिस्म्याचे पाणी लावून घेतले नाही. म्हणून हे बंद.

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मग गिरजा म्हणाली, "एवढंच? मंग लाव ना पानी! किती जनी पायजे त्यायले?"

"मले लाव," मागून कोणी म्हणाली. "मले बी. माह्या सासूले बी लाव, तिले काय कयते!" सासू शेजारीच होती, तिने सुनेला कोपराने ढोसले आणि स्वतःही हात वर केला. बघता बघता सगळे हात वर.

खरे सांगतो, माझा हात जानव्याकडे गेला. मी जानव्याचा माणूस. गावच्या गाव बाटताना उघड्या डोळ्यांनी पाहायची वेळ आली होती, आणि तीही माझ्या एका क्रियापदामुळे. मी बाईंकडे पाहिले. नऊ वर्षे त्यांनी ज्यासाठी उन्हातान्हात रक्त आटवले ते सगळे हात जोडून समोर उभे होते. एक मडके पाणी आणायचे, आणि विलायतेला पत्र पाठवायचे की घ्या तुमचे फळ.

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. त्यांनी गिरजाचा वर केलेला हात चाचपून धरला आणि खाली केला.

"नाही, गिरजे. देवासाठी आली असती तं मी नाचली असती. तुमी माह्यासाठी आल्या. माह्यासाठी पानी लावत नाही. ते खोटं होते."

त्या क्षणी मी मनातल्या मनात या बाईला साष्टांग नमस्कार घातला. आमच्या घराण्यात हे कोणाला आवडणार नाही, पण घातला.

 पाटलांनी उठून विचारले, "ते राहू दे. तुले जायचं हाये का, बुढे? तुह्या मनात काय हाये?"

"माही बहीन हाये तिकडं," बाई हळूच म्हणाल्या. "तिले पाहावं वाट्टे. पन माह्या डोयाले दिसन काय? समुद्र नाही दिसनार, बहीन नाही दिसनार. तिच्या घरात मी खुर्चीवर बसून राहीन. इथं झोयीची दोरी ओढाले डोये कायले लागते?" मग त्या थांबल्या. "मले नाही जायचं. पन आता तिकडून काही येनार नाही. मी खाईन काय? तुमच्यावर भार होईन."

यावर एकच गलका झाला. आमी देऊ, मी देईन, माह्या घरून भाकर, माह्या घरून दूध. मी तो गलका ऐकला आणि माझ्यातला पुणेकर जागा झाला. सगळ्यांचे काम ते कोणाचेच नाही. आज उमाळा आहे, कापूस आहे. उद्या ते दोन भाऊ समेट करतील, कापूस उतरेल, आणि म्हातारी उपाशी निजेल. मी तिला न्यायला आलो होतो हे त्या वेळी माझ्या ध्यानातही नव्हते.

"थांबा!" मी वर्गात ओरडतो तसा ओरडलो. "असे चालणार नाही. वार लावा."

"वार म्हंजे?"

मी सांगितले. आमच्या पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवतो. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरे. सात घरे, सात वार. त्या घराने त्या दिवशी ते पान वाढलेच पाहिजे, घरी सुतक असो की लग्न असो. मी स्वतः आठ वर्षे असा जेवलो आणि माणसात आलो. सोमवारच्या त्या काकूंचे आमटीचे वाढणे मला आजही आठवते, हे सांगताना मी उगाच खोकलो. 

वार पटापट भरले. सोमवार गिरजाचा. मंगळवार पाटलांनी घेतला. गुरुवारावरून दोघींचे भांडण झाले, ते मला सोडवावे लागले. शनिवार तुळशीरामच्या घरी, त्याच्या बुढीपाशी. रविवार मात्र कोणी घेईना. रविवारी बाई आपल्या देवापाशी बसतात, त्या दिवशी त्यांच्या दारी जायचे नाही, हा गावाचा नऊ वर्षांचा नेम होता.

"रविवार माझा," मी म्हणालो.

"तुमी तं पुन्याले राह्यता," पाटील म्हणाले.

"शिधा पाठवीन. अकोल्यापर्यंत माणसे येतात-जातात, पुढे तुळशीराम आहे." आणि मी उरलेली डाळ, तांदूळ, डबा, सगळे बाईंच्या ओट्यावर आणून ठेवले.

बाईंनी पुरचुंड्या हाताने चाचपल्या. "पंतोजी, डाय नका पाठवू. इथल्या पान्यात तुमची पुन्याची डाय शिजत नाही." मग डबा नाकाशी नेला आणि त्यांचा चेहरा फुलला. "मेतकूट!"

निघण्याआधी मी त्यांच्या बहिणीला पत्र लिहून दिले. त्या सांगत होत्या, मी मोडक्या इंग्रजीत लिहीत होतो. त्यातले काही इथे लिहीत नाही. दोघांनाही मधूनमधून थांबावे लागले एवढे सांगतो. गाडीत बसताना ऊन चढले होते, घसा कोरडा पडला होता. बाईंनी तांब्या भरून पुढे केला. वीस वर्षांत मी त्यांच्या हातचे पाणी प्यायलो नव्हतो. ते पाणी खारे होते. मी सगळे प्यायलो.

पुणे

पाद्रीसाहेब बंगल्याच्या पायरीवरच भेटले. "बाई कुठे आहेत?"

"साहेब, बुढी राहून राहिली."

हे साहेबही माझेच विद्यार्थी. ते म्हणाले, "पंतोजी, तुम्हीच शिकवलेत की एका वाक्यात एकच धातू असा दोनदा येत नाही."

"पुण्यात येत नाही," मी म्हणालो, आणि बसून त्यांना सगळे सांगितले. त्यांनी विलायतेला काय लिहिले ते मला ठाऊक नाही. पण निरोप देताना ते फाटकापर्यंत पोचवायला आले, तसे ते पूर्वी कधी आले नव्हते.

काल पहिल्या महिन्याचा डबा पाठवायचा होता. कुटुंबाने मेतकूट दळून भरले, वर फडके बांधले आणि विचारले, "नाव काय घालायचे?"

"पिंपळखेडची बुढी," मी म्हणालो.

"अहो, काय हे! मडम असली म्हणून काय झाले? म्हाताऱ्या माणसाला असे म्हणतात का?"

मग मी तिला तुळशीराम गाडीत काय म्हणाला ते सांगितले. तिने हात थांबवून ऐकले. बांधलेले फडके सोडले, डब्यात आणखी दोन मुठी मेतकूट दाबून भरले आणि म्हणाली, "आईला एवढेसे कसे पुरेल?"